डिंभ्याच्या पाण्यावर सात दिवस

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा त्यांनी माझा विषय जवळजवळ ठरवूनच टाकला होता. "तू इतिहासाचा मास्तर. शिवनेरी नाही तर नाणेघाट, चार पानं लिहून दे." शिवनेरीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, नाणेघाटातल्या नागनिकेच्या लेखावर तर मोठमोठ्या विद्वानांनी लिहून ठेवलं आहे. त्यात मी काय भर घालणार? म्हणून विषय बदलून मागितला. गेल्या मे महिन्यात १९८६ च्या दहावीच्या तुकडीतले आम्ही चौघेजण पाचव्याच्या घरी सात दिवस राहिलो आणि डिंभे धरणाच्या पाण्यात मासे धरले. त्या सात दिवसांत जे पाहिलं आणि ऐकलं तो माझ्या लेखी इतिहासच आहे, आणि तो आपल्याच तालुक्याचा आहे.

नावं लिहीत नाही. टोपणनावांवरून तुकडीतल्यांना कळेलच. डॉक्टर, मॅनेजर, कंडक्टर आणि मी. डॉक्टर खरोखर डॉक्टर आहे, मॅनेजर बँकेतून निवृत्त झाला, कंडक्टरने एसटीत उभी हयात काढली. पाचवा म्हणजे आमचा यजमान, मासळी. हे नाव शाळेत कुणी ठेवलं ते बहुतेकांच्या लक्षात नसेल. माझ्या आहे, कारण ते मी ठेवलं होतं.

आठवीत तो वरच्या अंगाच्या खोऱ्यातून, आंबेगावातून आला. वसतिगृहात राहायचा आणि शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जायचा. हजेरीपटावर जातीच्या रकान्यात 'महादेव कोळी' असं होतं. कोळी म्हटल्यावर आम्हा पूर्वेकडच्या पोरांना चित्रातला होडीवाला माहीत. मी विचारलं, "सोमवारी येताना मासळी आणशील का रे?" वर्ग हसला आणि नाव चिकटलं. तो एकदाच बोलला होता, "आम्ही त्यातले कोळी नव्हे." पुढे तीन वर्षं त्या नावाला ओ देत राहिला.

तो म्हणाला ते शंभर टक्के खरं होतं. समुद्रकाठचे सोनकोळी वेगळे आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचे महादेव कोळी वेगळे. अकोले, जुन्नर, आंबेगाव, खेड या डोंगरपट्ट्यात राहणारी ही माणसं शेतकरी आहेत. उतारावर नाचणी आणि वरई, खाचरात भात, कडेला खुरासणी, आणि उन्हाळ्यात रानातला हिरडा. हातात रोख पैसा यायचा तो या बाळहिरड्याचाच. मासे धरायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला, ओढ्याला नवं पाणी आलं की चढणीचे. त्याला धंदा कुणी म्हणत नसे, चार दिवस कालवणाची सोय म्हणत. बाकी खेकडे होतेच. यांचा इतिहास आहे तो डोंगराचा, घाटवाटांचा आणि गडांचा. शिवनेरीवरचा कोळी चौथरा मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांच्या कत्तलीची खूण म्हणून दाखवतात. जांभोरीचा होनाजी केंगले सावकारांविरुद्ध उठला आणि १८७६ साली पकडला गेला. शाळेत आपण १८७५ चे सुप्याचे दंगे पाठ केले, पण त्याच काळात आपल्याच तालुक्यात सावकारांविरुद्ध कोण लढत होतं हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. मीही पुढे कित्येक वर्षं वर्गात सांगितलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं.

आता धरणाकडे येतो. घोडेगाव सोडून शिनोलीवरून पुढे गेलं की डिंभ्याची भिंत दिसते. लांबी साडेआठशे मीटरच्या आसपास. पोटात साधारण १३.५ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. आहुप्याच्या बाजूने येणारी घोड नदी इथे अडवली आहे. कुकडी प्रकल्पाचं हे एक धरण. बाकीची आपल्या जुन्नरकर मित्रांच्या दारात आहेत: कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे. डिंभ्याचा डावा कालवा येडगावच्या जलाशयात पाणी नेऊन टाकतो आणि तिथून ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्यापर्यंत जातं. उजवा कालवा आपल्या तालुक्याचा पूर्व भाग आणि शिरूर भिजवतो. आपण शाळेत होतो तेव्हा भिंतीचं काम चालू होतं. सहलीला जाताना एसटीच्या खिडकीतून डंपर मोजायची पैज लागायची. मासळी त्या पैजेत नसायचा. हे मला आज आठवतं, तेव्हा दिसलं नव्हतं.

जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. नाव योग्यच दिलं. पण पाण्याखाली जे गाव गेलं त्याचं नाव आंबेगाव, ज्याच्यावरून तालुक्याला नाव मिळालं. तालुक्याची कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला आणि ज्याच्या नावाचे दाखले आपण सगळे काढतो ते गाव तळाशी. पुणे जिल्ह्याला धरणग्रस्तांचा इतिहास नवा नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, तोही धरणाविरुद्धच. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला. कायदा झाला म्हणजे माणसं बसली असं होत नाही. लांब लाभक्षेत्रात जमीन घ्यायची तर आधी पैसे भरायचे, अनोळखी गावात जायचं, तिथे रान नाही, हिरडा नाही, देव नाही. आमच्या मित्राच्या वडिलांनी घराचे वासे आणि कौलं काढली आणि पाण्याच्या रेषेवर, चढाला, पुन्हा उभी केली. पहिल्या वर्षी रेषेचा अंदाज चुकला. घर दुसऱ्यांदा सरकवावं लागलं.

भाताची खाचरं गेली ती नदीकाठची, म्हणजे सगळ्यांत चांगली. उरला तो उतार. आणि समोर मैलभर पाणी, ज्यात काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. पोहता येणारेही थोडे, कारण घोड नदी उन्हाळ्यात गुडघाभर.

एवढं सांगितल्यावर आमच्या मासेमारीकडे वळायला हरकत नाही. आम्ही गेलो ते मासे धरायला म्हणून, पण खरं तर मजूर म्हणून. या पाण्यात जाळं टाकायचा हक्क सोसायटीच्या सभासदांचा. आम्ही पाहुणे, त्याच्या होडीत बसून त्याचं जाळं ओढणारे. डॉक्टरने पुण्याहून महागातला गळ आणला होता, चकचकीत, चरखीवाला. पहिले दोन दिवस तो दगडावर बसून होता. तिसऱ्या दिवशी एक चिलापी लागली, तळहाताएवढी. तिचा फोटो तुकडीच्या ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहेच. फोटोत ती मोठी दिसते, कारण कॅमेऱ्याजवळ धरली होती.

जाळं संध्याकाळी सोडायचं आणि पहाटे काढायचं. ऐकायला सोपं. तंगूसचं जाळं बोटांना कापतं, भिजल्यावर जड होतं, आणि वाऱ्याने होडी फिरली की स्वतःभोवतीच गुंडाळतं. मे महिन्यात दुपारनंतर घाटाकडून वारा सुटतो. त्याच्या आत जाळं सोडून काठाला यायचं, नाहीतर रात्र पाण्यावर. आमचा मित्र वल्हं मारताना बोलत नसे. पहाटे चारला उठवायचा, तोंड धुवायच्या आत होडीत घालायचा. जाळ्याची वरची दोरी हातात घेतली की त्याला कळायचं आत काही आहे की नाही. आम्हाला सात दिवसांत कळलं नाही. कंडक्टर मात्र चांगला तयार झाला. गर्दीत तिकिटं फाडायची सवय असल्यामुळे, असं तो म्हणाला, जाळ्यातून मासा न फाटता सोडवण्याची बोटं त्याला आयतीच होती.

पहिल्या पहाटे दोन कटले, एक मृगळ आणि काही चिलापी. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पाच किलोच्या वरचा कटला, ज्याला होडीत घेताना मॅनेजर जवळजवळ पाण्यात गेला. वहिनींनी त्याच्या डोक्याचं कालवण केलं आणि तांदळाच्या भाकरी. माझ्या पथ्याची चर्चा डॉक्टरसमोर झाली नाही.

जेवताना मी सहज विचारलं की हे मासे नदीतले का. तो हसला. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेचे, गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने ओडिशात पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावली, आणि मग देशभर मत्स्यबीज तयार व्हायला लागलं. चिलापी तर आफ्रिकेची, आपल्याकडे १९५२ मध्ये आली. म्हणजे धरणातल्या पाण्यात गावचं असं थोडंच. घोडेचे जुने मासे, मळे, वाम, मरळ, अधूनमधून सापडतात. ते सापडले की विकायचे नाहीत, घरी ठेवायचे असा त्याचा नेम आहे.

बीज सोडावं लागतं म्हणजे पैसे लागतात, आणि पैसे आले की ठेकेदार येतो. सुरुवातीच्या वर्षांत पाणी बाहेरच्या ठेकेदाराकडे होतं. ज्यांची खाचरं तळाशी, त्यांनी काठावर गळ टाकला तरी चोरी. आमच्या मित्राने ठेकेदाराच्या होडीवर रोजंदारी केली. जाळं विणायला आणि वल्हवायला तो तिथेच शिकला, वयाच्या पंचविशीत. "आपल्याच वावरावर मजुरी केली," तो म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पुढचा इतिहास थोडा तरी नोंदलेला आहे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर हे दोघे या खोऱ्यात येऊन राहिले. त्यांच्या 'शाश्वत' संस्थेने आदिवासींबरोबर अनेक गोष्टी धसाला लावल्या. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन मूळ मालकांनाच कसायला मिळावी, तिच्यावर लहान पंपाने पाणी उपसता यावं, आणि पडकई, म्हणजे मिळून श्रम करून उतारावर भातखाचरं बांधायची जुनी रीत, तिला सरकारी रोजगाराचं काम म्हणून मान्यता मिळावी. त्यातलंच एक काम मासेमारीचं. डिंभे जलाशयातल्या आदिवासींची मच्छीमार सहकारी सोसायटी उभी राहिली आणि पाण्याचा हक्क तिच्याकडे आला. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ आले, त्यांनी जलाशयात पिंजरे बांधून त्यात बीज वाढवायला शिकवलं. इवलंसं बीज सरळ धरणात सोडलं तर मोठे मासे गिळतात. पिंजऱ्यात बोटुकलीएवढं करून सोडलं तर जगतं. २०१२ साली शाश्वतला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्या तालुक्याला असा मान मिळाल्याचं तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. त्या वर्षी मी दहावीच्या मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या शाखा पाठ करायला लावत होतो.

चौथ्या दिवशी तो आम्हाला आत घेऊन गेला. पाणी बरंच उतरलं होतं. जुन्या देवळाचे दगड उघडे पडले होते, शेवाळ वाळून पांढरं झालेलं. दर उन्हाळ्यात ते वर येतात आणि पाऊस लागला की जातात. त्याने चप्पल काढली, आम्हीही काढल्या. चिखलात जोत्यांच्या ओळी दिसत होत्या. एका जोत्यावर तो उभा राहिला. "हा ओटा. इथं बसून मी तुझ्या गणिताच्या वहीतून उतरवून घ्यायचो." माझ्या वहीतून. मी वही दिली होती हे मला आठवत नव्हतं.

परतताना एका जागी मॅनेजर जाळं सोडायला लागला तर तो ओरडला, "तिथं नको! तिथं आमचा आंबा आहे." पाण्यावर काही दिसत नव्हतं. आंब्याचा बुंधा खाली चार पुरुष खोल होता, त्यात जाळं अडकून फाटतं. मग त्याने वल्हं थांबवून दाखवायला सुरुवात केली. इकडे चिंचा, इकडे विहिरीचा कठडा, ही बाजारपेठेची वाट, इथे खळं, ते सपाट म्हणून तिथे जाळं छान बसतं, आणि नदीचा जुना डोह तो, उन्हाळ्यात मोठे मासे थंडाव्याला तिथेच उतरतात. गाव त्याला तळापासून पाठ होतं, आणि त्याची मासेमारी सगळी त्या पाठांतरावर चालली होती. सोसायटीतली तरणी पोरं त्याला विचारून जाळी टाकतात. त्यांना गाव माहीत नाही. त्यांच्या तोंडी 'काकांचा आंबा' म्हणजे जाळं फाटायची जागा.

तेव्हा मला काम सुचलं. पाचवा आणि सहावा दिवस मी मासे धरलेच नाहीत. मॅनेजरने मागच्या कोऱ्या बाजूचे बँकेचे जुने फॉर्म आणले होते, ते जोडून ओट्यावर पसरले. मित्र सांगत गेला आणि मी काढत गेलो. वस्त्या, वाटा, पाणवठे, शेतांची नावं, कुणाच्या खळ्याशेजारी कुणाचं घर. शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या, त्यांनी त्याच्या तीन चुका काढल्या. एका विहिरीवरून रात्री दहापर्यंत वाद झाला. ती कोणी बांधली यावरून नव्हे, तिचं पाणी गोड होतं की मचूळ यावरून. कंडक्टरने एसटीचा थांबा कुठे होता ते बरोबर सांगितलं. त्या मार्गावर तो सुरुवातीला ड्युटीला होता. त्याच्यावरून माळीणचा विषय निघाला. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली तेव्हा गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

सहाव्या रात्री अंगणात आडवे पडलो होतो आणि कंडक्टरने, त्याच्या स्वभावाप्रमाणे, नको ते बोलून टाकलं. "मास्तर, तुमचा ऊस याच पाण्यावरचा ना रे?" आमचं गाव मंचरच्या पूर्वेला. माझ्या लहानपणी तिथे बाजरी आणि मटकी यापलीकडे काही होत नव्हतं. कालवा आला आणि वडिलांनी ऊस लावला, मग कांदा. माझं डी.एड., बहिणींची लग्नं, घरावरचा स्लॅब, सगळं कालव्यानंतरचं. पहिलं पाणी आलं तेव्हा वडिलांनी कालव्यात नारळ सोडला होता. मी तिथे होतो, हात जोडून. वर कुणाचं घर दुसऱ्यांदा सरकतं आहे हे माझ्या मनातही आलं नाही.

हे मी अंधारात, आडवा पडूनच सांगितलं. मासळीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "उसाला एकरी किती निघतं?" मी आकडा सांगितला. त्याने मनात काहीतरी हिशेब केला असावा. "बरं निघतं," म्हणाला, आणि कूस बदलली.

सातव्या दिवशी सकाळी नऊ किलो मासळी निघाली. आम्हाला वाटलं, निरोपाची म्हणून घरी न्यायला देईल. त्याने ती सोसायटीच्या काट्यावर नेली, वजन केलं, आणि आमच्या चौघांकडून किलोच्या भावाने पैसे घेऊन पावती फाडली. मॅनेजरला फार आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मित्राने व्यवहार नीट केला, असं तो गाडीत तीनदा म्हणाला.

नकाशाची एक प्रत मी शाळेच्या ग्रंथालयात दिली आहे, मूळ त्याच्याकडे. आणखी एक गोष्ट संपादकांच्या निदर्शनास आणायची आहे. या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी छापायची आहे, तिचा कच्चा खर्डा मी बरोबर नेला होता. त्याच्या नावापुढे कुणीतरी गाव 'डिंभे' आणि व्यवसाय 'शेती' असं भरलं होतं. त्याने चष्मा लावून वाचलं, माझ्याच पेनने दोन्ही खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: गाव आंबेगाव, व्यवसाय मासेमारी. तसंच छापावं.